नॅट्रियुरेटिक पेप्टाइडे

मूत्रावाटे सोडियम बाहेर टाकण्यास चालना देणारी व रक्तवाहिन्या शिथिल करणारी पेप्टाइड (ॲमिनो अम्लांच्या लहान साखळ्यांची) हॉर्मोने. त्यांचे ए, बी व सी हे मुख्य प्रकार असून माणसात त्यांच्या प्रचलित रूपांत अनुक्रमे २८, ३२ व २२ ॲमिनो अम्ले असतात. तिन्हींत डायसल्फाइड बंधाने (दोन गंधक अणूंमधील बंधाने) जुळलेले १७ ॲमिनो अम्लांचे कडे असते.

अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) पेशींतील कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९५६ मध्येच दिसले होते, पण त्यांचे कार्य उलगडण्यास पाव शतक लागले. १९८१ मध्ये आदोल्फो दे बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. सोडियमचे उत्सर्जन ३० पटींहून अधिक वाढले आणि रक्तदाब उतरला. निलयाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) अर्काने मात्र असे काही घडले नाही. बी प्रकार १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडल्याने त्याला मेंदूचे नाव मिळाले, तथापि माणसात त्याचा मुख्य स्रोत निलय असल्याने हे नाव दिशाभूल करणारेच म्हणावे लागेल.

ए व बी ही पेप्टाइडे ‘ए’ ग्राहीला (पेशीपटलावरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला), तर सी हे मुख्यतः ‘बी’ ग्राहीला जुळते. या ग्राहींचा पेशीतील भाग स्वतःच ग्वानिलिल सायक्लेज हे एंझाइम असतो. पेप्टाइड बाहेरून जुळताच आत जीटीपी या रेणूपासून चक्रीय जीएमपी हा संदेशवाहक रेणू तयार होतो, त्यामुळे प्रथिन कायनेज जी हे एंझाइम सक्रिय होते, रक्तवाहिनीच्या भिंतीतील अरेखित स्नायुपेशीतील मुक्त कॅल्शियम घटते व मायोसिनवरील फॉस्फेट निघून स्नायू सैलावतो. अंतःस्तर (आतील अस्तर) खरवडून काढलेल्या रोहिणीच्या तुकड्यातही ए प्रकाराने शिथिलन होते, म्हणजे अंतःस्तरातून स्रवून स्नायू सैलावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची मध्यस्थी त्यासाठी अपरिहार्य नाही.

एवढ्यावरून रक्तदाब उतरण्याचे कारण स्नायूंचे हे थेट शिथिलनच, असे मात्र ठरत नाही. केवळ अरेखित स्नायूंतील ‘ए’ ग्राही काढलेल्या उंदरांचा नेहमीचा रक्तदाब जवळपास पूर्ववत राहिला, तर केवळ अंतःस्तरातील ग्राही काढल्यावर तो वाढला. अंतःस्तराची पारगम्यता वाढून रक्तद्रव ऊतींत झिरपणे व रक्ताचे आकारमान घटणे, हे स्पष्टीकरण त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. तिसरा, ‘सी’ ग्राही आरंभी केवळ पेप्टाइडे पेशीत ओढून नष्ट करणारा मानला जाई. सी पेप्टाइडाने होणारे शिथिलन काही रोहिण्यांत या ग्राहीमार्फतच होते, या मताविषयी मतभेद आहेत.

ही पेप्टाइडे नेप्रिलिसिन या एंझाइमानेही विघटित होतात. त्याला रोखणारे सॅक्युबिट्रिल हे औषध वाल्सार्टान या रक्तदाब कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीने हृदय निकामी होण्याच्या विकारात देतात.