फॅमिली एसयूव्ही की स्पोर्टी लक्झरी? आधी गणेश चवथीला गाडीत कोण कोण बसतं ते मोजा

गोव्यात ताळगावला राहणारा माझा मावसभाऊ महिनाभर दोन गाड्यांमध्ये अडकून पडलाय. एकीकडे टाटा सफारी, दुसरीकडे ऑडी क्यू थ्री. किमतीत बराच फरक आहे, पण कर्जाचा हिशेब त्याने जुळवलाय. तो म्हणतो, "दोन्ही एसयूव्हीच ना? मग थोडे जास्त घालू आणि चांगली घेऊ." माझं घोडं त्या 'दोन्ही एसयूव्हीच' पाशीच अडतं. दोन्ही उंच, दोन्हींच्या चाकांवर काळी किनार, त्यामुळे बाहेरून जात एकच वाटते. पण सफारी आखताना मागे कोण बसणार याचा विचार आधी झालाय, आणि क्यू थ्री आखताना स्टिअरिंग कोणाच्या हातात असणार याचा.

कागदावरचे आकडे गोंधळ वाढवतात. डिझेल सफारीचं 2 लिटरचं इंजिन 170 पीएस (अश्वशक्ती) ताकद आणि 350 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. 2022 साली आपल्याकडे आलेल्या क्यू थ्रीचं 2 लिटरचं पेट्रोल इंजिन 190 पीएस आणि 320 न्यूटन मीटर. वाचून वाटतं, डावं-उजवं करण्यासारखं यात काय आहे? फरक कळतो चोर्ला घाटात. क्यू थ्री बुटकी, वजनाने हलकी, तिची ताकद चारही चाकांना जाते आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स डोळ्याचं पातं लवायच्या आत गिअर बदलतो. शून्यावरून 100 चा वेग ती 7.3 सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटत नाही, चालवणाऱ्याला भरवसा येतो. हे सुख खोटं नाही, आणि ज्याला गाडी चालवायची मनापासून हौस आहे त्याने त्यासाठी पैसे मोजले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

एक मात्र तपासून घ्या. शोरूममध्ये 'स्पोर्ट' मोडचं बटण दाबून दाखवतात. बऱ्याच गाड्यांत त्या बटणाने ॲक्सिलरेटर, गिअर आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो, सस्पेन्शन आहे तसंच राहतं. शॉक ॲब्सॉर्बर खरोखर मऊ-कडक होणारे आहेत का, हे स्पष्ट विचारा. नसतील तर जो कडकपणा आहे तो रोजचाच.

आता चवथीकडे येतो, कारण आमच्या घरात गाडीची खरी परीक्षा तेव्हाच होते. ताळगावहून सत्तरीतल्या मूळ घरी जायचं, माणसं सात: आजी, मावशी-काका, भाऊ-वहिनी, दोन मुलं. क्यू थ्रीत पाच जण बसतात, म्हणजे दुसरी गाडी काढावी लागणारच. सफारीत सात बसतात. पण इथे एक गंमत आहे जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सातही सीट उभ्या असताना सफारीच्या डिकीत उरते 73 लिटर जागा. घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये साधारण 33 लिटर मावतं, म्हणजे उरली दोन सिलिंडरांएवढी जागा. तिसरी रांग पाडली तर चारशेहून थोडी जास्त. आणि पाच जणांच्या क्यू थ्रीची डिकी? 530 लिटर! म्हणजे माणसं मोजली तर सफारी जिंकते, सामान मोजलं तर स्पोर्टी गाडी. सात माणसं, मोठी बॅग, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) असोले नारळ, चिबूड, सुपारीचे घोस आणि केळ्यांचा घड हे सगळं एका खेपेत हवं असेल, तर सफारीच्या टपावर कॅरियर लावण्याला पर्याय नाही.

तिसऱ्या रांगेबद्दल अजून थोडं. ती मागच्या चाकांच्या जवळपास वर येते, म्हणून खड्ड्याचा दणका आणि वळणाचा झोला तिथे सगळ्यांत जास्त. घाटात ओकणाऱ्या मुलाला मधल्या रांगेत बसवा, मागे धडधाकट माणूस जाऊ दे.

आजीला आम्ही दोन्ही गाड्यांत बसवून पाहिलं. सफारीत चढताना तिने आधी पाय वर टाकला, मग खांबावरची मूठ धरली, आणि दोन दमांत बसली. चढायला उंच पडली, पण बसल्यावर पाय सरळ खाली सुटले. क्यू थ्रीत चढणं सोपं होतं, मागच्या सीटवर मात्र तिचे गुडघे वर आले. उतरताना दाराची चौकट धरून ती तशीच थांबली, वहिनीने खाकेत हात घातल्यावर उठली. भाऊ पुढे बसून डॅशबोर्डवरचा पडदा न्याहाळत होता. त्याला हे दिसलंच नाही.

पावसाळ्यात टायरकडे बघा. 235/65 आर 17 मापाच्या टायरची बाजूची भिंत साधारण 153 मिलिमीटर उंच असते (235 मिलिमीटर रुंदीचे 65 टक्के). मोठ्या स्पोर्टी गाड्यांवर दिसणाऱ्या 295/35 आर 21 ची जेमतेम 103. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तोच 50 मिलिमीटरचा रबर रिम वाचवतो. सफारीच्या महागड्या मॉडेलला 245/55 आर 19 येतात, म्हणजे 135 मिलिमीटर. तेव्हा दिसायला भारी म्हणून फॅमिली गाडीतही मोठ्या रिमच्या मागे लागू नका. आमच्या एका नातलगाच्या स्पोर्टी गाडीचा टायर जुलैच्या रात्री बाजूने फाटला. गाडीत स्टेपनी नव्हती. त्या मापाचा टायर म्हापशात मिळेना, गाडी चार दिवस उभी. काही लक्झरी गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात, हवा गेल्यावरही ताशी 80 च्या आत ठेवून सुमारे 80 किलोमीटर नेता येतं. बाजू फाटली तर तो आधार धरू नये.

कराचा मुद्दा झटपट संपतो. 22 सप्टेंबर 2025 पासून या दोन्ही गाड्या 40 टक्के जीएसटीच्या गटात आहेत. टक्का सारखा, पण मूळ किंमत मोठी म्हणून रक्कम मोठी, आणि विमा, सुटे भाग, सर्व्हिस हे सगळंही त्यासोबत चढतं. हप्ता परवडतो का हे विचारून थांबू नका, चारही टायर एकदम बदलायचे झाले तर किती पडतील ते विचारा.

गावातली वाट मात्र सफारीला अडवते. तिची रुंदी 1.92 मीटर, आरसे धरले तर त्याहून जास्त. क्यू थ्री 1.85 मीटर, लांबीलाही जवळपास वीस सेंटिमीटरनं कमी. चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून आमच्या घराकडे जाणारी पाणंद आहे, तिथे तेवढी चार बोटं जागा म्हणजे ओरखडा पडणं किंवा न पडणं. परवा मी भावाला टेप घेऊन सत्तरीला पाठवलं. फाटकाचे दोन चिरे काढले तर सफारी आत जाते, असं त्याने फोनवर सांगितलं. काका चिरे काढायला तयार आहेत.