उपकरप्राप्त चाळीचा पुनर्विकास : भाडेकरूची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

गिरगाव, काळबादेवी, भायखळा, लालबाग या भागांतल्या बहुतेक जुन्या चाळी 'उपकरप्राप्त' आहेत. म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या आणि म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी उपकर भरणाऱ्या. आपली इमारत त्यात येते का, हे मालमत्ता कराच्या बिलावरून कळतं. अशा इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो.

सगळ्यात आधी एक तारीख पाठ करा : १३ जून १९९६. या दिवसानंतर नव्याने निर्माण झालेली भाडेदारी पुनर्विकासात मोजली जात नाही. एका खोलीच्या दोन केल्या आणि नंतर दुसरी पावती फाडली, तरी घर एकच. पण १९९६ पूर्वीची खोली तुम्ही पुढे पागडीने (म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्काने) घेतली असेल, तर घाबरू नका. आधीच्या भाडेकरूची त्या काळातली भाडेपावती, हस्तांतराचे कागद आणि तुमच्या नावाची पावती अशी अखंड साखळी दाखवावी लागते. वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, आधार हे सोबत जोडा. पावती अजून आजोबांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद आजच तयार करायला घ्या. माणसं अडतात ती इथेच. भावाभावांतला वाद पात्र भाडेकरूंची यादी लागल्यावर उकरून निघाला की हक्काचं घर वर्षानुवर्षं अडकतं.

प्रस्ताव मालक, त्याचा विकासक किंवा भाडेकरूंची संस्था मंडळाकडे देते. सोबत किमान ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती, मिळकत पत्रिका, मालकीचे कागद, वास्तुविशारदाचे नकाशे आणि भाडेकरूंची यादी लागते. मंडळ यादी तपासून प्रमाणित करतं आणि ना हरकत प्रमाणपत्र देतं. त्या यादीतलं आपलं नाव, खोली क्रमांक आणि चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, कारण नवं घर त्याच आकड्यावर ठरतं. निवासी भाडेकरूला जुन्या जागेइतकं, पण कमीत कमी ३०० चौरस फूट घर मालकीहक्काने विनामूल्य मिळतं. त्यावर ३५ टक्के फंजिबल (नियमाने मिळणारं जादा बांधकाम क्षेत्र) धरून ४०५ चौरस फूट होतात. लोकांच्या तोंडी असलेला आकडा तो हाच. दुकानदाराला आहे तेवढीच मूळ जागा मिळते.

पुढे महापालिकेची आयओडी (नकाशांना अटींसह मंजुरी), मग स्थलांतर, पाडकाम, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी). संमती न देणाऱ्यांनाही घर तेवढंच मिळतं. मात्र ना हरकत मिळाल्यावर जागा अडवून धरली तर म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली ती रिकामी करून घेतली जाते.

मालक हलतच नसेल तर? इमारत धोकादायक ठरलेली असेल, तर कलम ७९-अ आहे. मालकाला नोटीस देऊन सहा महिने मिळतात. त्याने प्रस्ताव दिला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला, आणि तेही गेले तर म्हाडा स्वतः उभी राहते. म्हणून संस्था आधीच जमवून ठेवा. सहा महिने फार थोडे असतात.

आणि खोलीची किल्ली देण्याआधी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत करून घ्या. त्यात मजला, चटईक्षेत्र, ताब्याची मुदत आणि ताबा मिळेपर्यंतचं भाडं आकड्यांत लिहिलेलं हवं. तोंडी कबुलीवर घर सोडू नका.