अंगणातले टर्फ कोर्ट : ऑर्डर देण्याआधी वाचा

टर्फ म्हणजे कृत्रिम गवत. हा गालिचाच आहे. खालची जमीन जशी असेल, तसा तो बसतो. कोटेशन हातात आले की बहुतेक जण आधी टर्फचा दर बघतात. आमचे म्हणणे असे की, आधी खालच्या थरांची जाडी बघा. ती लिहिलेलीच नसेल तर विचारा.

माप आणि टर्फची निवड

या पत्रकातले सगळे आकडे १२ × ८ मीटर, म्हणजे ९६ चौरस मीटर कोर्टासाठी आहेत. ८ मीटर रुंदी मुद्दाम घेतली आहे. रोल बऱ्याचदा ४ मीटर रुंद येतात, त्यामुळे दोन रोलमध्ये काम भागते आणि मधे एकच सांधा येतो. रुंदी साडेआठ मीटर धरली तर अर्ध्या मीटरच्या पट्टीसाठी तिसरा रोल कापावा लागतो, सांधे दोन होतात आणि उरलेल्या तुकड्याचे पैसे तुमच्याच माथी पडतात.

घरच्या कोर्टावर क्रिकेट, टेनिस, थोडा फुटबॉल असे सगळेच खेळायचे असेल तर साधारण १५ मिमी लवीचा (लव म्हणजे गवताची उभी पाती), दाट विणीचा, वाळू भरायचा टर्फ घ्या. बागेसाठीचा ३५-४० मिमीचा टर्फ नमुना हातात घेतल्यावर फार मऊ लागतो, पण त्यावर चेंडू नीट उसळत नाही आणि रोज धावपळ होते तिथे लव कायमची आडवी पडते.

पाया

माती साडेबारा सेंमी खणायची. खड्डा १२ घनमीटरचा असला तरी माती सुटल्यावर फुगते, तेव्हा सुमारे १५ घनमीटर माती उचलून न्यायची तयारी ठेवा. झाडाची मुळे, जुना राडारोडा, भुसभुशीत भराव काढून टाकायचा. जमीन काळी, चिकण असेल तर ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिथे आणखी खोल खणून खडीचा थर वाढवावा लागतो.

तळावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड अंथरायचे, जोडावर ३० सेंमी एकावर एक. ते नसेल तर माती खडीत शिरते आणि दोन-तीन पावसांत पाण्याच्या वाटा बुजतात. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब, म्हणजे काठाचे ठोकळे लागतात. परिघ ४० मीटर, म्हणजे मीटरभर लांबीचे ४० नग. नेटचे खांब लागणार असतील तर त्यांच्या नळ्याही याच वेळी काँक्रीटमध्ये बसवून घ्या, कारण नंतर त्यासाठी टर्फ कापावा लागतो.

कापडावर खडी १० सेंमी, पण ५-५ सेंमीच्या दोन थरांत. प्रत्येक थर किंचित ओला करून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. सगळी खडी एकदम ओतून वरून दाबली तर वरचा भाग घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि पुढे नेमका तिथेच खड्डा पडतो. दाबून १० सेंमी भरायला सुमारे १२ घनमीटर सुटी खडी लागते. तिच्यावर बारीक ग्रिट (दगडाची कच) अडीच सेंमी, सुटी ३ घनमीटर. उतार १०० ला १, म्हणजे ८ मीटर रुंदीत ८ सेंमी, आणि तो घराच्या भिंतीपासून दूर.

आता ३ मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवून बघायची. पट्टीखाली ५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी ती जागा खरवडायची, मग ग्रिट घालून पुन्हा दाबायची. घट्ट पृष्ठभागावर नुसती चिमूटभर ग्रिट पसरली तर तिचा पापुद्रा सुटतो. मग पाइपने पाणी मारून अर्धा तास थांबा. त्यानंतर कुठे डबके उरलेले दिसले तर टर्फ आणखी एक दिवस गुंडाळलेलाच राहू दे.

सांधा

टर्फ उघडून काही तास उन्हात पसरायचा, म्हणजे गुंडाळीच्या सुरकुत्या निघतात. दोन्ही रोलची लव एकाच दिशेला हवी. एक उलटा पडला तर एकाच लॉटचे रोल असूनही दोन वेगळे हिरवे रंग दिसतात, आणि त्यावर नंतर इलाज नाही.

रोलच्या दोन्ही कडांच्या दोन-तीन शिलाया मागच्या बाजूने, धारदार पात्याने कापायच्या. दोन कडांमधली फट टर्फच्या दोन शिलायांमधल्या अंतराइतकीच हवी: जास्त झाली तर टक्कल पडल्यासारखी रेघ दिसते, कमी झाली तर सांधा उंचवटा धरतो. खाली ३० सेंमी रुंद टेप आणि दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद. १२ मीटर सांध्याला सुमारे ५ किलो लागतो. कडा गोंदावर टेकवताना बोटांनी लव बाजूला धरावी लागते, कारण गोंदात चिकटलेली पाती पुन्हा उभी राहत नाहीत. टर्फ किंवा ग्रिट ओली असेल तर हे काम त्या दिवशी करू नये. पाण्याने गोंदाला फेस येतो आणि पकड कच्ची राहते.

वाळू

धुतलेली, वाळवलेली, गोल दाण्याची सिलिका वाळूच हवी. बांधकामाच्या वाळूतली माती टर्फच्या मागची छिद्रे बुजवते, टोकदार दाणे पाती झिजवतात. वाळूच्या १ मिमी थराला चौरस मीटरमागे साधारण दीड किलो धरा. १५ मिमी लवीत १२ मिमी भरायची, म्हणजे १८ किलो. ९६ चौरस मीटरला १,७२८ किलो, ५० किलोच्या ३५ गोण्या. कोरड्या दिवशी, तीन-चार हातांत पसरून प्रत्येक हातानंतर ताठ नायलॉन ब्रशने लवीत उतरवायची. टर्फ जागेवर धरून ठेवणारे वजन हेच, म्हणून गोण्यांत काटकसर नको. पहिल्या काही महिन्यांत वाळू बसते. त्यासाठी दोन-तीन गोण्या बाजूला ठेवा.

वापरताना

आठवड्यातून एकदा लवीच्या उलट दिशेने ब्रश मारा, तारेचा ब्रश मात्र नको. पालापाचोळा कुजू देऊ नका. सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ तिथूनच सुरू होते. भर उन्हात टर्फ हवेपेक्षा बराच जास्त तापतो. पाणी मारले की थोडा वेळ निवतो, तरी दुपारी मुलांना अनवाणी खेळायला सोडू नका.

टर्फला निखारा, फटाका चालत नाही हे बहुतेकांना ठाऊक असते. खिडकीच्या काचेचा विचार सहसा कुणी करत नाही. उष्णता परावर्तित करणाऱ्या दुहेरी काचेवरून उन्हाचा झोत एकाच जागी पडत राहिला तर पाती वितळतात. अशी खिडकी कोर्टाकडे तोंड करून असेल तर ऊन असताना दिवसातून दोन-तीनदा अंगणात बघा. जमिनीवर झगझगीत पट्टा कुठे पडतो ते आम्हाला दाखवा. टर्फ टाकण्याआधीच त्या काचेवर बाहेरून जाळी बसवून घेता येईल.