मंगळ चंद्राएवढा दिसत नाही

ऑगस्ट आला की कोल्हापुरातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोच: '२७ ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार!' साफ चुकीचं आहे. हे खूळ २००३ चं. तेव्हा मंगळ सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. मूळ मजकुरात ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीची अट होती, ती फॉरवर्ड होता होता गळली. मंगळाचा व्यास सुमारे ६,७८० किलोमीटर, चंद्राच्या जवळजवळ दुप्पट. पण तेव्हाही तो चंद्राच्या सुमारे १४५ पट लांब होता. मग नुसत्या डोळ्यांना ठिपकाच दिसणार! तरी मंगळ आकाशात असेल तेव्हा पोरांना रंकाळ्यावर न्याच. तो तांबूस दिसतो, ते तिथल्या धुळीतल्या गंजलेल्या लोखंडामुळे.