सेंट्रल की एग्मोर? चेन्नईतली दोन लाल स्थानकं

मे महिन्यातली दुपार. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात दोन पिशव्या. रिक्षावाल्या अण्णांना "स्टेशन" म्हटलं, तर त्यांनी मागे वळून विचारलं, "सेंट्रला? एळुंबूरा?" तमिळमध्ये शब्दाला शेवटी 'आ' जोडला की प्रश्न होतो. मला ओळखीचं वाटलं ते सेंट्रल, म्हणून तेच सांगितलं. माझी गाडी तंजावरची होती आणि ती सुटणार होती एग्मोरहून. एळुंबूर म्हणजेच एग्मोर, हे मला सेंट्रलच्या चौकशी खिडकीवर कळलं.

हा घोळ अनेकांचा होतो, कारण फोटोत दोन्ही स्थानकं सारखीच वाटतात: लाल भिंती, पांढऱ्या कडा, ब्रिटिश अमदानीचा थाट. उंच घड्याळाचा मनोरा दिसला तर ते सेंट्रल. जॉर्ज हार्डिंगच्या आराखड्यावर उभी राहिलेली ही इमारत 1873 सालची. पुढे रॉबर्ट चिझमने तिच्यात बदल केले. घुमट दिसले तर एग्मोर. ते हेन्री आयर्विनचं काम, 1908 मध्ये खुलं झालेलं. मला एग्मोर जास्त आवडतं. त्याच्या कमानींखाली उन्हातून आत आलं की डोळे निवतात.

पण एका शहरात, जेमतेम दोन किलोमीटरवर, दोन मोठी स्थानकं कशाला? कारण रुळांची रुंदी. सेंट्रलचे रूळ ब्रॉडगेज, म्हणजे 1,676 मिलिमीटरचे. एग्मोरचे मीटरगेज, बरोबर एक मीटरचे. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाऊच शकत नव्हती. शिवाय कंपन्याही वेगळ्या. एग्मोर साउथ इंडियन रेल्वेचं, तर सेंट्रल मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचं. हे नाव वाचून मी थबकलोच! मिरज-बेळगाव-लोंढा हा आपला मार्ग ज्या सदर्न मराठा रेल्वेने टाकला, तीच 1908 मध्ये मद्रास रेल्वेत मिळाली. सेंट्रलशेजारची भव्य इमारत त्या जोडकंपनीचं मुख्यालय होती. आज तिथे दक्षिण रेल्वेचा कारभार चालतो.

1951 मध्ये कंपन्या एकत्र आल्या, तरी रूळ वेगळेच राहिले. चेन्नई बीच स्थानक ते दक्षिणेकडचं उपनगर तांबरम या लोकलमार्गावरचं मीटरगेज तर थेट 2004 मध्ये बंद झालं. आता सगळं ब्रॉडगेज आहे, पण गाड्यांची जुनी वाटणी बरीचशी तशीच आहे. दिल्ली, हावडा, बंगळुरू, तिरुपती, कोइंबतूर सेंट्रलकडे. मदुराई, तिरुचिरापल्ली, तंजावर, कन्याकुमारी एग्मोरकडे.

"दक्षिणेला जायचं तर एग्मोर" हा ठोकताळा मात्र केरळला लागू पडत नाही. तिकडच्या बहुतेक गाड्या सेंट्रलहूनच सुटतात, कारण कोइंबतूरवरून जाणारा तो मार्ग पहिल्यापासून ब्रॉडगेज. मुंबईच्या सगळ्या गाड्या एकाच स्थानकावर येतात असंही धरून चालू नका.

तिकिटावर स्थानकाचा संक्षेप बघा: सेंट्रलचा एमएएस, एग्मोरचा एमएस. एका अक्षराचा फरक! दोन्ही मद्रास या जुन्या नावावरून आलेत. सेंट्रलला 2019 पासून तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांचं लांबलचक अधिकृत नाव आहे, पण रस्त्यावर सगळे सेंट्रलच म्हणतात. एग्मोरच्या नूतनीकरणामुळे काही गाड्या तांबरमहूनही सोडल्या जातात, तेव्हा निघण्याच्या दिवशी पुन्हा एकदा खात्री करा.

आणि चुकून दुसरीकडे पोचलात, तर संध्याकाळच्या गर्दीत रिक्षा शोधू नका. मेट्रोत बसा. 2018 पासून सेंट्रल आणि एग्मोर ही लागोपाठची भुयारी स्थानकं आहेत, मध्ये एकही थांबा नाही. मी तसाच गेलो. वरच्या उकाड्यातून खाली उतरल्यावर गार हवेचा झोत अंगावर आला, घाम सुकायच्या आत एग्मोर आलं, आणि फलाटावर तंजावरची गाडी लागलेली होती.