न्यू डील आघाडी

न्यू डील आघाडी : अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षामागे १९३२ ते १९६८ या काळात उभा असलेला मतदारगटांचा समूह. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या महामंदीवर उपाय म्हणून आखलेल्या ‘न्यू डील’ कार्यक्रमावरून तिला हे नाव पडले. उत्तरेतील कारखान्यांचे कामगार, शहरांतील कॅथलिक व ज्यू कुटुंबे, दक्षिणेतील गोरे मतदार आणि १९३६ पासून उत्तरेतील कृष्णवर्णीय असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक तिच्यात होते. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली; मेन आणि व्हर्मांट तेवढी सुटली.

आघाडीला बळ मिळाले ते १९३५ च्या वॅग्नर कायद्यातून. कामगारांना संघटना बांधण्याचा हक्क मिळाला आणि तिच्याशी वाटाघाटी करणे मालकाला बंधनकारक झाले. सध्याची रीत अशी : किमान ३० टक्के कामगारांच्या सह्या जमल्या की राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे अर्ज करता येतो; मंडळ गुप्त मतदान घेते; झालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाली की ती संघटना सगळ्यांच्या वतीने करार करते. हा हक्क कारखान्यात उतरला तो मिशिगनमधील फ्लिंटच्या संपातून. ३० डिसेंबर १९३६ पासून जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. यंत्रे त्यांच्या ताब्यात असल्याने बदली माणसे आणून काम सुरू करता येईना. ४४ दिवसांनी कंपनीने संघटनेला मान्यता दिली. पुढे वर्गणी पगारातून परस्पर कापली जाण्याची पद्धत रुळली आणि संघटनांची माणसे निवडणुकीत घरोघर फिरू लागली. १९५० च्या दशकाच्या मध्यास सुमारे एकतृतीयांश पगारदार संघटित होते.

आघाडीतला दोष मात्र सुरुवातीपासूनचा. दक्षिणेत एकाच, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य होते. मतदान कर व साक्षरता चाचणी लावून कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जाई. तिथले प्रतिनिधी पुनःपुन्हा निवडून येत आणि सेवाज्येष्ठतेच्या बळावर काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) प्रमुख समित्यांचे अध्यक्ष होत. वॅग्नर कायदा, १९३५ चाच सामाजिक सुरक्षा कायदा आणि ताशी २५ सेंट किमान वेतन ठरवणारा १९३८ चा कायदा, या तिन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. सामाजिक सुरक्षेचा कर वसूल करण्यातली प्रशासकीय अडचण हे कारणही दिले जाते. पण दक्षिणेतील कृष्णवर्णीय प्रामुख्याने हीच कामे करत, हे विसरून या कायद्यांचे मूल्यमापन होऊ शकत नाही. त्यांच्यापैकी नियमित कामावर असलेल्यांना सामाजिक सुरक्षेत घेतले गेले ते १९५० च्या दुरुस्तीने.

१९४७ मध्ये दक्षिणेतील डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टली कायदा संमत झाला. त्यामुळे संघटनेची वर्गणी सक्तीची करण्यावर राज्यांना बंदी घालता येऊ लागली. कराराचा लाभ सगळ्यांना, खर्च मात्र काहींवर, अशी स्थिती झाली आणि दक्षिणेत संघटना रुजल्याच नाहीत. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांनंतर दक्षिणेतील गोरे मतदार टप्प्याटप्प्याने पक्षाबाहेर पडले. १९६८ मध्ये वर्णविभक्ततेचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी स्वतंत्रपणे लढून दक्षिणेतील पाच राज्ये घेतली.

उत्तरेतही तडा गेला. डेट्रॉइटलगतची मॅकोम काउंटी ही मोटार कामगारांची वस्ती. १९६० मध्ये डेमोक्रॅट केनेडींना तिथे सुमारे ६३ टक्के मते पडली. १९८४ मध्ये रिपब्लिकन रेगन यांना सुमारे ६६ टक्के. मधल्या काळात शाळांतील वर्णविभक्तता मोडण्यासाठी शहर आणि उपनगरांतील मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत पाठवण्याचा वाद पेटला होता. १९७२ ची मिशिगनमधील डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक वॉलेस यांनी जिंकली, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. त्यातच १९७९ मध्ये सुमारे १.९५ कोटींवर गेलेले कारखानदारीतील रोजगार २०१० च्या सुरुवातीस १.१५ कोटींच्या खाली आले. ऑगस्ट १९८१ मध्ये रेगन यांनी संपावरील ११,००० हून अधिक हवाई नियंत्रकांना बडतर्फ केले, त्यानंतर खासगी मालकही संपकऱ्यांच्या जागी कायमची माणसे भरायला धजावले.

पदवी नसलेला गोरा मतदार रिपब्लिकन पक्षाकडे आणि पदवीधर डेमोक्रॅटिक पक्षाकडे, ही आजची विभागणी याच घडामोडींतून आली आहे. ती मोजताना एक चूक नेहमी होते. केवळ पदवीवरून वर्ग ठरवला, तर पदवी नसलेला सधन बांधकाम ठेकेदार ‘कामगार’ ठरतो आणि तुटपुंज्या पगारावरील पदवीधर ‘वरचा वर्ग’. ‘संघटित कुटुंब’ (घरातील कुणी कामगार संघटनेचा सदस्य असलेले) हा निकषही बदलला आहे. २०२४ मध्ये खासगी क्षेत्रात ५.९ टक्के, तर सरकारी क्षेत्रात ३२.२ टक्के कर्मचारी संघटित होते. म्हणजे १९५५ च्या आकड्यांत जिथे पोलाद कामगार होता, तिथे आज बऱ्याचदा शाळेतील शिक्षिका असते. म्हणून दोन काळांची तुलना करताना उत्पन्न, व्यवसाय आणि शिक्षण हे तिन्ही निकष वेगवेगळे मांडावे लागतात.