गाडी स्लोवर बंद पडणे

पाय रेसवरून उचलला की इंजिन थरथरतं आणि गप्प होतं, याला मराठवाड्यातले मिस्त्री 'गाडी स्लो धरंना' म्हणतात. स्लो म्हणजे रेस न देता इंजिन आपलं आपण हळू फिरणं. शोरूमवाले त्यालाच आयडलिंगचा प्रॉब्लेम म्हणतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी मस्त पळते त्यामुळे हा आजार हायवेवर कळतच नाही, लातूरच्या गंजगोलाईत जिथं १६ रस्ते येऊन मिळतात आणि दर चार पावलांना क्लच दाबावा लागतो तिथं बरोबर उघडा पडतो. बंद पडली की स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेक एकदोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, म्हणून उतारावर हा दोष चेष्टेवारी न्यायचा नाही.

आधी हे कशामुळं होतं ते बघू. पेट्रोल गाडी स्लोवर साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनचे फेरे) फिरते. तेव्हा इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते, हवा फक्त कडेच्या फटीतून किंवा आयडल व्हॉल्व्हच्या बारीक वाटेनं आत येते, आणि त्या हवेला मापून पेट्रोल द्यायचं असतं, निव्वळ पेट्रोल धरलं तर वजनानं १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. पळत्या गाडीला थोडी हवा इकडं तिकडं झाली तर पत्ता लागत नाही पण स्लोवर एवढीशी हवा लागते की बोटभर पाईपला चीर पडली तरी सगळा हिशोब बिघडतो. म्हणून माझं मत असं, की स्लोचा आजार असला की पेट्रोलच्या आधी हवा बघावी. आपल्याकडं उलटं होतं, आधी पंप बदलतात, मग ठिणगीला करंट देणारी कॉइल, आणि दहा हजार गेल्यावर कुणीतरी थ्रॉटल बॉडी, म्हणजे त्या झडपेचं घर, खोलतं.

ती खोलली की झडपेच्या कडेला काळं चिकट किटण दिसतं, फडक्यानं पुसलं तर फडकं डांबरासारखं होतं. ही इंजिनचीच तेलकट वाफ, पीसीव्हीच्या (ही वाफ परत आत ओढणाऱ्या) पाईपातून परत येऊन तिथं बसलेली, त्यात आपल्याकडचा फुफाटा. उन्हाळ्यात शेतरस्त्यानं जाणाऱ्या किंवा कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाडीचं एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही, ते आधीच काढून बघायचं. साफ करताना थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पुसावं. वायरवर चालणारी इलेक्ट्रॉनिक झडप असेल तर चावी चालू ठेवून ती बोटानं ढकलायची नाही, आतले गिअर तुटतात.

दुसरं म्हणजे व्हॅक्यूमची गळती, इंजिन हवा ओढतं त्या वाटेला फट पडून न मोजलेली हवा आत शिरणं. बोनेट उघडून कान दिला तर बारीक 'सूंऽ' ऐकू येतं, उन्हानं कडक झालेल्या रबरी पाईपाला टोकाला चीर असते, किंवा उंदरानं कुरतडलेलं असतं (शेतात आखाड्यावर उभ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं). संशय असलेला मऊ पाईप पकडीनं हलका दाबला आणि आवाज सुधारला की चोर सापडला. फक्त ब्रेक दाबल्यावरच गाडी बंद पडत असेल तर ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणारा डबा) पडदा किंवा त्याचा पाईप बघा. काही मिस्त्री चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधतात, गरम सायलेन्सरजवळ ते करू नये, भडका उडतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर काम सोपं, पण नुसता कोड वाचून पार्ट बदलणं म्हणजे स्कॅनर वाया घालवणं. पी०५०६ म्हणजे स्लो पाहिजे त्यापेक्षा कमी, पी०१७१ म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, पण हवा जास्त कशामुळं ते कोड सांगत नाही. ते फ्युएल ट्रिममधून, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यातून कळतं. स्लोवर ट्रिम अधिक २० टक्क्यांच्या घरात आणि रेस २५०० वर नेली की शून्याजवळ येत असेल तर गळती. रेसवर पण तेवढंच राहत असेल तर पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप. ज्या गाडीत हवा मोजायला मॅप सेन्सर (आतल्या दाबावरून हवा ओळखणारा) आहे तिथं गळतीनं गाडी बंद न पडता उलट स्लो वाढतो किंवा वरखाली होतो, हे लक्षात ठेवावं नाहीतर घोळ होतो.

गाडी कधी बंद पडते हे मालकाला नीट विचारलं तरी अर्धं काम होतं. एसी लावल्यावर पडते तर आयडल व्हॉल्व्ह किंवा किटण. मे महिन्यात तासभर चालल्यावर पडते, आरपीएमचा काटा एकदम शून्यावर जातो आणि अर्धा तास थांबलं की परत सुरू होते, तर बहुतेक इंजिनचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर. धडधड करत, मिसिंग होत (एखादा सिलिंडर मधेच न पेटता) पडते तर प्लग आणि कॉइल. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर टाकून बघा, पेट्रोलवर नीट चालली तर दोष गॅसच्या बाजूला किंवा झिजलेल्या प्लगमध्ये, कारण गॅसला ठिणगी जोरकस लागते. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचाही संशय घ्यावा, त्यातलं इथेनॉल (जे आपल्याच उसाच्या मळीतून पण येतं) पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाला बसतं.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचं गणित वेगळं, तिथं स्लोला पेट्रोल देणाऱ्या जेटचं सुईएवढं भोक कचऱ्यानं बुजतं, जेट काढून हवा मारली की झालं. स्क्रू पिळून रेस वाढवणं हा मात्र इलाज नाही, आजार झाकतो आणि पेट्रोल पितो. डिझेलला थ्रॉटलचं एवढं नसतं, तिथं लाईनीत हवा, तुंबलेला फिल्टर, फिल्टरखाली साठलेलं पाणी, एवढं आधी बघायचं.

थ्रॉटल साफ केल्यावर पुष्कळ गाड्यांचा स्लो काही वेळ १२०० च्या वर राहतो, कारण कॉम्प्युटर अजून किटणाचा हिशोब धरून झडप जास्त उघडत असतो. मालक लगेच फोन करतो, ‘अहो गाडी तर लैच रेस व्हायलीय, काय केलंत.’ स्कॅनरनं रीलर्न करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला नवा हिशोब शिकवायचा, नाहीतर थोडे दिवस चालवली की कॉम्प्युटर बहुतेकदा स्वतःच शिकतो.